कळ कशानं थांबली?

१९५७-५८च्या सुमारास अमेरिकेत हृदयरोग्यांच्या एका ऑपरेशनचा मोठा बोलबाला होता. चार पावलं चाललं की छातीत कळ येते, जिना चढवत नाही, जिभेखाली नायट्रोग्लिसरिनची गोळी ठेवल्याशिवाय दिवस जात नाही, अशा माणसांसाठी ते होतं. छातीच्या पुढच्या भिंतीच्या आतून, मधल्या हाडाच्या दोन्ही बाजूंनी एकेक धमनी खाली उतरते. सर्जन तेवढाच भाग बधिर करायचे, बरगड्यांच्या मधे दोन लहान छेद घ्यायचे आणि या दोन्ही धमन्या दोऱ्यानं बांधून टाकायचे. खाली जायची वाट बंद झाली की रक्त वरच्या बारीक फाट्यांतून हृदयाकडे वळेल आणि उपाशी स्नायूला मिळेल, अशी त्यामागची कल्पना. ती आली होती इटलीतून. छाती उघडायची नाही, पूर्ण भूल नाही, धोका जवळजवळ नाही. शिवाय गुण येत होता. कालपर्यंत दारापर्यंत जाऊन दम घेणारी माणसं फिरायला जाऊ लागली होती. ‘रीडर्स डायजेस्ट’नं या ऑपरेशनवर लेख छापला आणि लोक आपण होऊन त्याची मागणी करू लागले.

अशा वेळी शंका घेणं फार अवघड असतं. समोरचा माणूस हात धरून सांगतो, ‘डॉक्टर, बरं वाटतंय.’ त्याच्यावर अविश्वास कसा दाखवायचा? तरीही दोन ठिकाणच्या डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला. सिॲटलमध्ये लिओनार्ड कॉब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७ रुग्ण घेतले. सगळ्यांना टेबलावर घेतलं, सगळ्यांच्या छातीवर छेद घेतले, धमन्या मोकळ्या करून समोर आणल्या. मग सर्जनच्या हाती एक पाकीट दिलं जाई. बांधायचं की न बांधता शिवून टाकायचं, हे त्या पाकिटातली चिठ्ठी ठरवी. ८ जणांच्या धमन्या बांधल्या गेल्या, ९ जणांच्या नाहीत. बाहेरून व्रण सगळ्यांचे सारखे. नंतर तपासणाऱ्या डॉक्टरलाही कोण कुठल्या गटातला हे माहीत नव्हतं. १९५९ साली निकाल प्रसिद्ध झाला : दोन्ही गटांना सारखाच आराम. कॅन्ससमध्ये ग्रे डायमंड यांच्या गटानं १८ जणांवर अशीच तपासणी केली. १३ जणांच्या धमन्या बांधल्या, त्यांतल्या १० जणांना चांगला गुण आला. ५ जणांची नुसती कातडी कापून शिवली होती. गुण पाचही जणांना आला.

ऑपरेशन थोड्याच काळात इतिहासजमा झालं.

त्या रुग्णांना खोट्या ऑपरेशनची शक्यता कुणी सांगितलेली नव्हती. आज कुठलीही एथिक्स कमिटी असा प्रयोग मंजूर करणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण त्या ३५ माणसांमुळे पुढची हजारो माणसं एका निरुपयोगी सुरीतून वाचली, हेही तितकंच खरं. हृदयरोगावरच्या संशोधनाचा इतिहास वाचताना मला हा प्रसंग सगळ्यांत मोठा वाटतो. नवं यंत्र शोधणाऱ्यांची नावं आपण लक्षात ठेवतो. ‘गुण आला खरा, पण तो आपल्यामुळेच आला का?’ असं आपल्याच शास्त्राला विचारणाऱ्यांची नावं राहत नाहीत. वास्तविक रुग्णाचं जास्त भलं या दुसऱ्या प्रकारच्या माणसांनी केलं आहे.

कळ कशानं थांबते याची कारणं पुष्कळ असतात. हृदयाचं दुखणं एका पातळीवर राहत नाही, चढतं-उतरतं. माणूस दवाखान्याची पायरी चढतो ती दुखणं कळसाला पोचल्यावर, म्हणजे तिथून ते बहुधा उतरणारच असतं. त्यात कुणीतरी नीट तपासतं, विचारपूस करतं, गोळ्या वेळेवर सुरू होतात, घरचे जपायला लागतात, विडी-सिगारेट सुटते. आणि ‘आता माझं ऑपरेशन झालंय’ हा भरवसा असतो. हे सगळं एकदम घडतं आणि श्रेय दोऱ्याला मिळतं. हे श्रेय वेगळं काढायचं तर एकच वाट आहे : बाकी सगळं सारखं ठेवायचं, फक्त दोरा एका गटाला बांधायचा, दुसऱ्याला नाही, आणि कोण कुठल्या गटात हे चिठ्ठीवर सोडायचं.

जाता जाता एक गोष्ट सांगायलाच हवी. बांधून टाकली जात होती तीच धमनी पुढे बायपासमध्ये हृदयावर जोडण्यासाठी सर्वोत्तम ठरली. पायाच्या शिरेपेक्षा ती कितीतरी जास्त वर्षं उघडी राहते. धमनी तीच, पण दुसऱ्या वेळी तिच्याबद्दलचा दावा वर्षानुवर्षांच्या पाठपुराव्यात टिकला.

*

रुग्णाला बरं वाटणं हा जसा चकवा असू शकतो, तसा रिपोर्ट सुधारणं हाही असतो. हा धडा फार महागात मिळाला.

हार्ट ॲटॅकमधून वाचलेल्या माणसाच्या ईसीजीत अनेकदा अवेळी ठोके दिसतात. असे ठोके ज्यांच्यात जास्त, त्यांना पुढे अचानक मृत्यूचा धोका जास्त, हे निरीक्षण पक्कं होतं. मग ठोके दाबणारं औषध दिलं की मृत्यू टळेल, असं कुणालाही वाटेल. १९८०च्या दशकात एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं आली. ती ठोके झकास दाबत. डॉक्टर मंडळी ती विश्वासानं देत होती. अशा औषधाची तुलना बिनऔषधाच्या गोळीशी करणं म्हणजे रुग्णाला उपचारापासून वंचित ठेवणं आहे, असंही अनेकांना वाटत होतं.

अमेरिकेच्या राष्ट्रीय हृदय संस्थेनं तरीही ‘कास्ट’ नावाची चाचणी उभी केली. तिची रचना औषधांना झुकतं माप देणारी होती. आधी प्रत्येकाला औषध देऊन चोवीस तासांचा ईसीजी काढायचा आणि ज्यांचे ठोके खरोखर दबले, त्यांनाच पुढे घ्यायचं. म्हणजे औषध ज्यांच्यात आपलं काम करतंय हे सिद्ध झालेलं आहे, अशीच माणसं. त्यांच्यातल्या निम्म्यांना औषध, निम्म्यांना हुबेहूब दिसणारी रिकामी गोळी. एप्रिल १९८९ मध्ये चाचणी या दोन औषधांपुरती मध्येच थांबवावी लागली. पुढे सविस्तर आकडे प्रसिद्ध झाले. सरासरी १० महिन्यांत औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले होते, रिकामी गोळी घेणाऱ्या ७४३ पैकी २६.

ईसीजीचा कागद स्वच्छ होत होता आणि माणसं मरत होती. ज्या डॉक्टरांनी ही औषधं चांगल्या हेतूनं लिहून दिली, त्यांना आपल्या कुठल्या रुग्णाला त्या औषधांनी अपाय झाला हे कधीच कळणार नव्हतं. ॲटॅक येऊन गेलेला माणूस वर्षभरात गेला, तर घरचे म्हणतात हृदय कमजोर होतं. डॉक्टरही तेच म्हणतात. एकेका रुग्णाकडे पाहून हा अपाय दिसूच शकत नाही. तो दिसतो फक्त शेकडो माणसं दोन रांगांत शेजारी शेजारी उभी केल्यावर.

*

१६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंत्सिग यांनी ३८ वर्षांच्या एका माणसाच्या हृदयाच्या धमनीत बारीक नळी सरकवली, तिच्या टोकाचा फुगा फुगवला आणि अरुंद झालेली जागा रुंद केली. १९८६ साली धमनी पुन्हा आकसू नये म्हणून तिथे धातूची जाळी, म्हणजे स्टेंट बसवायला सुरुवात झाली. ॲटॅक चालू असताना, म्हणजे गुठळीनं धमनी पूर्ण बंद झालेली असताना, हे तंत्र जीव वाचवतं. त्यात आज शंका उरलेली नाही आणि पुढचं सगळं वाचताना हे वाक्य कुणी विसरू नये.

प्रश्न दुसऱ्या रुग्णांचा होता. महिनोन्‌महिने ठरावीक श्रम केले की कळ येते, थांबलं की जाते. ॲटॅक आलेला नाही. अँजिओग्राफीत एखादी धमनी अरुंद दिसते. जगभर स्टेंटांची मोठी संख्या अशा माणसांत बसवली गेली. आपल्याकडे कुठल्याही शहरातल्या कॅथलॅबबाहेर बसलं की हीच भाषा कानावर येते : ‘सत्तर टक्के ब्लॉकेज आहे’, ‘तीन नळ्या बंद आहेत’, ‘आत्ताच टाकून घ्या म्हणाले’. पडद्यावर काळ्या रेघेत पडलेली ती खाच नातेवाइकांना दाखवतात. क्षार साचलेला नळाचा पाइप आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो; तो साफ केला की पाणी धो धो येतं. पुढे काही विचारायचं सुचतच नाही.

पण धमनी म्हणजे पाइप नाही. तिच्या भिंतीत जिवंत पेशी आहेत, चरबीचे साठे आहेत, आणि ॲटॅक बहुधा असा साठा फुटून त्यावर गुठळी जमल्यानं येतो. फुटणारी जागा सगळ्यांत अरुंद असतेच असं नाही. अनेकदा ती अँजिओग्राफीत किरकोळ दिसणारी असते. स्टेंट एका जागी बसतो. रोग सगळ्या झाडभर पसरलेला असतो. शिवाय खाच दिसली म्हणजे प्रवाह अडला, हेही खरं नाही. धमनीत बारीक तार घालून खाचेच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजता येतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फेम’ चाचणीत अशी मोजणी केली, तेव्हा डोळ्यांना ५० ते ७० टक्के वाटणाऱ्या खाचांपैकी जेमतेम ३५ टक्केच खरोखर प्रवाह अडवत होत्या. ज्या ‘सत्तर टक्क्यां’नी घराघरांत झोप उडते, त्या आकड्यात एवढं अंतर असू शकतं.

२००७ साली ‘करेज’ चाचणीचा निकाल आला. २,२८७ स्थिर रुग्ण. सगळ्यांना नेटाची औषधं, निम्म्यांना वर स्टेंटही. साडेचार वर्षांनंतर मृत्यू आणि ॲटॅक मिळून प्रमाण एका गटात १९.० टक्के, दुसऱ्यात १८.५. आक्षेप आले : खरे गंभीर रुग्ण त्यात नव्हतेच. म्हणून ‘इस्किमिया’ नावाची आणखी मोठी चाचणी झाली. ३७ देश, त्यांत भारतही, आणि ५,१७९ रुग्ण. स्ट्रेस टेस्टमध्ये मध्यम ते तीव्र दोष असलेलीच माणसं घेतली. मुख्य डाव्या धमनीत मोठा अडथळा असलेली वगळली, कारण त्यांना ऑपरेशन लागतंच. साधारण सव्वातीन वर्षांत लगेच अँजिओग्राफी आणि स्टेंट किंवा बायपास करणाऱ्या गटात १४५ मृत्यू झाले, आधी औषधांवर ठेवलेल्या गटात १४४. मात्र ज्यांना वारंवार कळ येत होती, त्यांना स्टेंट-बायपासनंतर जास्त आराम वाटला.

आता उरला एवढाच दावा : आयुष्य नाही वाढत, पण कळ तर जाते. आणि इथे १९५९ सालचा प्रश्न पुन्हा दारात येऊन उभा राहिला. स्टेंट बसवल्यावर कळ जाते, ती कशानं? फुगा पहिल्यांदा फुगवल्याला चाळीस वर्षं होत आली तरी कुणीही खोट्या प्रक्रियेशी तुलना केलेली नव्हती.

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये रशा अल-लामी आणि डॅरेल फ्रान्सिस यांच्या गटानं ती केली. चाचणीचं नाव ‘ऑर्बिटा’. एकाच धमनीत ७० टक्के किंवा अधिक अरुंदपणा आणि छातीत कळ, असे २०० रुग्ण. या वेळी प्रत्येकाला आधीच सगळं सांगितलेलं होतं : तुम्हाला कॅथलॅबमध्ये नेऊ, तपासणीची नळी घालू, पण स्टेंट बसेल की नाही हे तुम्हाला सहा आठवडे कळणार नाही. आधीचे सहा आठवडे औषधं नीट बसवण्यात गेले. हृदयरोगतज्ज्ञ आठवड्यातून एक ते तीन वेळा फोन करून गोळ्या वाढवत-बदलत होते. नंतर प्रक्रियेच्या दिवशी गुंगीचं औषध, कानांवर हेडफोन, त्यात संगीत, म्हणजे डॉक्टरांचं बोलणं ऐकू जाऊ नये. १०५ जणांना स्टेंट बसला. ९५ जणांना निदान १५ मिनिटं टेबलावर तसंच झोपवून ठेवलं. नंतर वॉर्डात त्यांची काळजी घेणाऱ्यांनाही काय झालं ते सांगितलं नव्हतं.

त्यात जोखीम होती. खोट्या प्रक्रियेच्या गटातल्या ४ जणांना दाब मोजणाऱ्या तारेमुळे गुंतागुंत झाली आणि स्टेंट बसवावा लागला. या २०० माणसांना मी मनापासून मानतो. आपली छाती दुखते आहे, धमनी अरुंद आहे हे ठाऊक आहे, आणि तरीही पुढच्या अनोळखी माणसासाठी ते ‘चालेल’ म्हणाले. कॉबच्या रुग्णांना निवड नव्हती. यांना होती, आणि त्यांनी ती केली.

नोव्हेंबर २०१७ मध्ये निकाल जाहीर झाला. ट्रेडमिलवर चालण्याचा वेळ स्टेंट गटात सरासरी २८.४ सेकंदांनी वाढला, खोट्या प्रक्रियेच्या गटात ११.८ सेकंदांनी. फरक साडेसोळा सेकंदांच्या आसपास, आणि तोही योगायोग असू शकेल असा. कळ कमी झाल्याचं दोन्ही गटांनी सांगितलं. हृदयरोगतज्ज्ञांच्या जगात गदारोळ उठला. ‘लॅन्सेट’मधल्या सोबतच्या टिपणात डेव्हिड ब्राउन आणि रीटा रेडबर्ग यांनी स्थिर रुग्णांतल्या स्टेंटच्या शवपेटीला हा शेवटचा खिळा आहे का, असा सवाल केला. दुसऱ्या बाजूचं म्हणणं : रुग्ण थोडे, काळ थोडा, आणि इतकी औषधं दिल्यावर कळ उरली होतीच किती?

हा शेवटचा आक्षेप रास्त होता. त्याच गटानं तो मनावर घेतला, ही गोष्ट मला निकालापेक्षाही मोलाची वाटते. ‘ऑर्बिटा-२’मध्ये ३०१ रुग्ण घेतले आणि कळेवरची औषधं आधीच बंद केली. १२ आठवडे रुग्ण रोज मोबाइलवर कळेची नोंद करत होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेला निकाल स्टेंटच्या बाजूनं होता : चालण्याचा वेळ सुमारे एका मिनिटानं जास्त, कळ स्पष्टपणे कमी. म्हणजे १९५०च्या दशकातल्या दोऱ्यासारखा स्टेंट पोकळ नाही. पण पूर्ण आराम पडला तो १० पैकी ४ जणांनाच. बाकीच्यांची धमनी उघडूनही कळ राहिली, म्हणजे तिचा उगम निदान काही अंशी दुसरीकडे होता. तेव्हा चित्र असं : औषधं घ्यायची तयारी असेल, ती सोसत असतील, तर आधी ती. ती पुरत नसतील किंवा नको असतील, तर स्टेंटनं आराम मिळण्याची बरी शक्यता आहे, हमी नाही. हे पंधरा मिनिटं बसून रुग्णाला सांगता येतं. कॅथलॅबच्या दारात, सहीचा कागद पुढे करून, सांगता येत नाही.

*

आपल्याकडे या प्रश्नाला पैशाची धार आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारच्या औषध किंमत प्राधिकरणानं औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये आणि साध्या स्टेंटची ७,२६० रुपये ठरवली. त्याआधी औषधी स्टेंटसाठी लाखाच्या घरात बिलं होत. महाराष्ट्रात महात्मा फुले जन आरोग्य योजनेतही अँजिओप्लास्टी होते. तरीही ज्या घरात दागिने मोडून किंवा शेतीच्या तुकड्यावर कर्ज काढून स्टेंट टाकला जातो, त्या घराला तो आयुष्य वाढवण्यासाठी आहे की कळ कमी करण्यासाठी, एवढं तरी कळायला हवं. दोन्हींसाठी पैसा उभा करणं वेगळं आहे, आणि निर्णय त्यांचा आहे.

पण आपल्याकडचा मोठा प्रश्न वेगळाच आहे. २००८ साली बंगळुरूच्या सेंट जॉन्स संस्थेचे डेनिस झेवियर, प्रेम पैस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘क्रिएट’ नोंदणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. देशभरातली ८९ केंद्रं, ॲटॅक किंवा ॲटॅकच्या उंबरठ्यावर असलेले वीस हजारांहून अधिक रुग्ण. पूर्ण बंद धमनीच्या ॲटॅकमध्ये कळ सुरू झाल्यापासून रुग्णालय गाठायला लागलेला मध्यम काळ होता ३६० मिनिटं. सहा तास. या सहा तासांत काय होतं ते आपल्याला घरोघरी माहीत आहे. गॅस झाला असेल म्हणून ओवा, सोडा, पाठीला मालीश. मग गावातले डॉक्टर. मग गाडी कुणाची मिळते ते बघणं. मग तालुक्याचं रुग्णालय, तिथून जिल्ह्याचं. दर मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो.

अशा वेळी काय करायचं हे संशोधनानं केव्हाच सांगितलं होतं. १९८६ साली इटलीतल्या ‘गिसी’ चाचणीत ११,८०६ रुग्णांत गुठळी विरघळवणाऱ्या स्ट्रेप्टोकायनेजनं मृत्यू कमी होतात हे दिसलं. १९८८ साली ऑक्सफर्डहून चालवलेल्या ‘आयसिस-२’नं १७,१८७ रुग्णांत त्याच्या जोडीला ॲस्पिरिनची साधी गोळी तपासली. काहीच न मिळालेल्या गटात पाच आठवड्यांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणानं १३.२ टक्के दगावले, दोन्ही मिळालेल्या गटात ८.०. संपादकांनी मागितलं म्हणून संशोधकांनी रुग्णांचे निरनिराळे उपगटही पाडून दाखवले. सोबत पाश्चात्त्य जन्मराशींनुसारही एक तक्ता जोडला. मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना ॲस्पिरिन उलट किंचित अपायकारक दिसत होतं! आकडे पुरेसे बारीक चिरले की काहीही दिसू शकतं, हे दाखवण्यासाठी तो तक्ता होता. वार्षिक राशिभविष्य छापणाऱ्या अंकांच्या वाचकांना तरी तो ठाऊक असावा.

‘क्रिएट’मधला जो आकडा मला सोडत नाही, तो गरीब-श्रीमंतांचा. ३० दिवसांत गरीब रुग्णांपैकी ८.२ टक्के दगावले, श्रीमंतांपैकी ५.५. गरीब उशिरा येतात, गंभीर होऊन येतात, असं आपण सहज म्हणून टाकतो. संशोधकांनी मिळालेल्या उपचारांचा फरक हिशेबात घेतला, तेव्हा मृत्यूतला हा फरक नाहीसा झाला. वय, मधुमेह, रक्तदाब यांचा हिशेब केल्यानं नव्हे. उपचारांचा केल्यानं. गरीब माणसाच्या वाट्याला गुठळी विरघळवणारं औषध, स्टॅटिनसारख्या गोळ्या, अँजिओप्लास्टी कमी वेळा आली. म्हणून तो जास्त मेला.

तमिळनाडूत कोइम्बतूरचे थॉमस अलेक्झांडर, चेन्नईचे अजित मुल्लासरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच जागी काम केलं. कॅथलॅब असलेलं एक मोठं रुग्णालय मधे, भोवती लहान रुग्णालयं. रुग्ण जवळच्या लहान रुग्णालयात आला की तिथेच ईसीजी, तो लगेच मोठ्या रुग्णालयात वाचला जाणार, तिथेच गुठळीवरचं इंजेक्शन, मग ॲम्ब्युलन्सनं मोठ्या ठिकाणी आणि पुढच्या दिवसाभरात अँजिओग्राफी. खर्चासाठी राज्याची विमा योजना. २,४२० रुग्णांच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ साली आले : व्यवस्था उभी राहण्यापूर्वीच्या रुग्णांत वर्षभरात १७.६ टक्के मृत्यू, नंतरच्या रुग्णांत १४.२. ही चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना नव्हती, आधीच्या आणि नंतरच्या काळाची होती. मधल्या काळात बाकीही काही बदललं असेल, ही शंका संशोधकांनाही लागू आहे आणि ती घ्यायलाच हवी. पण त्यात नवं औषध एकही नव्हतं. नव्या जातीचा स्टेंट नव्हता. होती ईसीजीची यंत्रं, ती वाचणारं कुणीतरी, एका इंजेक्शनचा साठा आणि वेळेवर येणारी ॲम्ब्युलन्स.